पुणे दर्शन : जुने कोणते, नवे कोणते

सुटीच्या दिवसांत मुलाबाळांसह पुणे पाहावयास जाण्याचा प्रघात आपल्या ज्ञातिबांधवांत चांगलाच रुळला आहे. हा प्रघात स्तुत्य होय. तथापि मुलांना स्थळे दाखविताना त्यांतील जुने कोणते व नवे कोणते, हे सांगण्याची जबाबदारी वडीलधाऱ्यांवर येते. ती बहुधा कोणी पार पाडीत नाही, असा माझा अनुभव आहे.

लाल महालाचेच पाहा. गतवर्षी आम्ही सहकुटुंब तेथे गेलो असता धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, शास्ताखानाची बोटे ह्याच खिडकीत तुटली का?" शहाजीराजांनी बांधविलेला मूळ महाल केव्हाच नामशेष झाला. आज दिसते ती वास्तू पुणे महानगरपालिकेने 1984 ते 1988 ह्या काळात उभारलेली आहे. एप्रिल 1663 मधील तो छापा ह्याच परिसरात पडला. खिडकी मात्र ती नव्हे. हे ऐकून मुलगा किंचित हिरमुसला खरा, परंतु मग मूळ महाल कसा असेल, ह्याविषयी त्याने मला दिवसभर भंडावून सोडले. शिक्षकास ह्याहून अधिक काय हवे?

शनिवारवाड्याची गोष्ट उलट आहे. तेथे जे उरले आहे ते अस्सल आहे. पहिल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 रोजी, शनिवारी, पाया घातला व 1732 मध्ये वास्तुशांत झाली. वाड्यास 16,110 रुपये खर्च आल्याची नोंद सांगतात. 1828 च्या फेब्रुवारीत लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि लाकडी इमले भस्मसात झाले. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा व जोती तेवढी शिल्लक राहिली. येणारी मंडळी नारायणरावांच्या वधाची (1773) कथा ऐकून हळहळतात आणि परत फिरतात. त्यांनी कारंज्यांच्या हौदापाशी क्षणभर थांबावे, असे मला वाटते.

कारण पेशवाईतील पुण्याचे पाणी हा खुनाहून मोठा विषय आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, 1750 च्या सुमारास, कात्रज येथे बंधारे घालून तेथील पाणी दगडी बांधणीच्या भुयारी नळाने शहरात आणले गेले. पंप नाही, यंत्र नाही. जमिनीच्या उताराचा अचूक अंदाज घेऊन नळास ढाळ दिला आणि पाणी आपोआप वाहत आले. ते वाड्यात खेळले, तसेच पेठांतील हौदांतही पडले. सामान्य गृहस्थाची घागर त्यावर भरत असे. पाठ्यपुस्तकांत लढायांना पाने दिली जातात, ह्या नळास चार ओळीही मिळत नाहीत, ह्याची मला खंत वाटते.

बुधवार पेठेतील भिडेवाड्याविषयीही सांगणे प्राप्त आहे. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली ती तेथे. जीर्ण झालेला तो वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर 2023 मध्ये पाडण्यात आला. आपल्या लेकीसुनांना ती जागा अवश्य दाखवावी व मूळ भिंती आता नाहीत हेही सांगावे.

सायंकाळी पर्वती चढावी. पायऱ्या शंभराहून थोड्या अधिक असल्या तरी रुंद आहेत. माझ्या गुडघ्यांनीही तक्रार केली नाही. वरील देवस्थान नानासाहेबांनीच उभारले आणि पानिपतच्या आघातानंतर जून 1761 मध्ये त्यांचा अंतही तेथेच झाला. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेस कात्रजचे डोंगर दिसतात. शहराचे पाणी तेथून आले.