सातबारा आणि लोखंडी पेटी

आज गोष्ट सांगते ती राजाराणीची नाही. नवी मुंबई, उरण, पनवेलच्या बायांची आहे.

पन्नास-पंचावन्न वर्षांमागं इथं खारभाताची शेतं होती, मिठागरं होती. बाई शेतात राबायची, मिठाच्या पाट्या वाहायची, चिंबोऱ्या-कोलंबी टोपलीत घेऊन बाजार गाठायची. चार पैसे तिच्या हातात असायचे.

1970 साली सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. मोबदला मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. नाव बहुतेक ठिकाणी पुरुषाचं. जिनं शेत कसलं, तिचं नाव कागदावर नव्हतं. जी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची, तिला तर विचारलंच कुणी नाही.

योग्य मोबदल्यासाठी जासईचे दि. बा. पाटील यांच्या पाठीमागं लोक उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

मग 1989 साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. जगाचा व्यापार आपल्या दाराशी आला, पण तो लोखंडी पेट्यांतून. पूर्वी जहाजावरची पोती माणसं पाठीवरून उतरवायची. आता अख्खी पेटी क्रेन काही मिनिटांत उचलते. 2024-25 या एका वर्षात इथून वीस फुटी पेट्यांच्या मापानं 70 लाखांहून जास्त पेट्यांची ये-जा झाली. माल वाढला, पण तेवढे हात लागले नाहीत.

कमाई कुणाला झाली? क्रेन चालवणाऱ्याला, संगणक जाणणाऱ्याला, इंग्रजी कागद वाचणाऱ्याला. ज्याचा भूखंड मोक्याच्या जागी होता, त्याची इमारत उभी राहिली, भाडं सुरू झालं. आणि टोपलीवाली? ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींत अशा कितीतरी जणी ठेकेदाराकडं झाडूपोछ्याला लागल्या. एकाच गावात, एकाच आळीत दोन घरांत एवढं अंतर पडलं.

बंदर वाईट, यंत्र वाईट, असं मी म्हणत नाही. बंदरामुळं कामंही आली. पण यंत्र येतं तेव्हा ज्याच्या हातात कागद आणि कसब असतं, त्याचीच झोळी आधी भरते. बाकीच्यांना उरलंसुरलं मिळतं.

आता विमानतळही आलाय. उद्या तुमच्या तालुक्यात रस्ता येईल, कारखाना येईल. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. आपल्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत? मोबदला आला तर कुणाच्या खात्यात जाईल? आणि आपल्या पोरी कोणतं कसब शिकतायत? 2005 च्या कायद्यानं हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय. तो हक्क कागदावर उतरवून घ्या.

मोजणीवाला बांधावर येण्याआधी हे झालं पाहिजे, बायांनो.