बेटेगाव-बोईसर परिसर : राजभाषा आणि अल्पसंख्य भाषिक

बेटेगाव हे पालघर तालुक्यातील, बोईसरच्या पूर्वेचे गाव. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तारापूरची औद्योगिक वसाहत आणि केंद्रीय आस्थापना यांमुळे या परिसरात केंद्र व राज्य या दोन्ही शासनांचे भाषाविषयक नियम एकत्र नांदतात.

केंद्रीय आस्थापना : तारापूर अणुविद्युत केंद्र (१९६९), बोईसर रेल्वे स्थानक, टपाल कार्यालये व राष्ट्रीयीकृत बँका राजभाषा अधिनियम, १९६३ च्या कक्षेत येतात. कलम ३(३) प्रमाणे ठराव, सर्वसाधारण आदेश, अधिसूचना, करार, परवाने, निविदा इ. हिंदी व इंग्रजी या दोन्ही भाषांत काढावे लागतात. राजभाषा नियम, १९७६ नुसार महाराष्ट्राचा समावेश गुजरात व पंजाबसह हिंदीच्या वापरासाठी ठरवलेल्या ‘ख’ क्षेत्रात होतो. हिंदीत आलेल्या पत्राला हिंदीतच उत्तर देणे बंधनकारक आहे. फलकांवरील क्रम प्रादेशिक भाषा, हिंदी, इंग्रजी असा असतो. त्यामुळे मराठी फलकावर पहिली येते, मात्र कलम ३(३) च्या दस्तऐवजांत तिची सक्ती नाही.

राज्य शासन : महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये देवनागरी लिपीतील मराठी ही राजभाषा आहे. केंद्राशी पत्रव्यवहारासारखी काही कामे ‘वर्जित प्रयोजने’ म्हणून वगळली आहेत. २०२२ च्या स्वतंत्र अधिनियमाने स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजातही मराठी बंधनकारक झाली.

अल्पसंख्य भाषिक : १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क (प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी) व ३५०ख (भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी) समाविष्ट झाले. १९६० मध्ये मुंबई राज्याच्या विभाजनात पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव गुजरातकडे गेले, डहाणू महाराष्ट्रात राहिले. डहाणू-तलासरी पट्ट्यात गुजराती भाषिक आहेत. औद्योगिक वसाहतीमुळे हिंदी भाषिक कामगारांची वस्ती वाढली.

वारली (वारली आदिवासींची वाणी) : भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषिक पाहणीच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) वारली, वाडवळी व सामवेदी यांची नोंद मराठीच्या बोली म्हणून आहे. वारली ही बोली की स्वतंत्र भाषा, याबाबत एकमत नाही. बोली मानल्यास तिचे भाषक मराठी भाषिकांतच गणले जातात आणि अनुच्छेद ३५०क खाली वारलीतून शिक्षणाच्या मागणीला आधार उरत नाही.

आश्रमशाळा : आदिवासी मुलांसाठीच्या या निवासी शाळांचे माध्यम मुख्यतः मराठी आहे.