नदीपलीकडचे माहेर

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी पहिल्याने नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एखादी पाककृती देऊ का, असे अध्यक्षबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "पाककृती आठ आल्या आहेत. तुम्ही मागे कोकणात जाऊन आलात ना, त्याचे लिहा." म्हणून हे लिहायला बसले. पण कोणत्या गाडीने गेलो आणि कुठे चहा घेतला, एवढेच सांगून भगिनींचा वेळ घ्यावा असे मनात नाही. तिकडे जे पाहिले, ऐकले आणि परत आल्यावर वाचनालयातली पुस्तके आणून जे वाचले, ते सांगते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आधी आपलेच सांगते. आपण गोंदियाचे लोक सीमेवर राहतो, पण ते आपल्या ध्यानातही नसते. माझ्या आजीचे माहेर वाघ नदीच्या पलीकडे. आजी लग्न होऊन इकडे आली तेव्हा नदीचे दोन्ही काठ एकाच राज्यात होते. त्या राज्याचे नाव मध्यप्रदेश, आणि राजधानी आपले नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली. आपला तेव्हाचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. एका रात्रीत आजीचे माहेर परराज्यात गेले! पण आजीला त्याचे काही वाटले नाही. भाऊबीजेला ती पहिल्यासारखीच डोंग्यात बसे, ढिवराला धान देई आणि पलीकडे उतरे. कोणी अडवले नाही, कोणी कागद मागितला नाही. पुढे पूल झाला, तेव्हा ती म्हणे, "डोंग्यात बरे वाटे, मोटारीत मळमळते." आजीच्या लेखी सीमेची गोष्ट एवढीच. मीही सीमा म्हणजे रस्त्याच्या कडेची पाटी, असेच समजत होते.

माझी धाकटी बहीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिचे यजमान शिक्षक आहेत आणि त्यांची नेमणूक सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरोड्याजवळ झाली. आपल्या विदर्भातली पुष्कळ मुले अशी कोकणातल्या शाळांवर आहेत. तिचे दिले तेव्हा आमच्या आईने फार मनाला लावून घेतले होते. इतक्या लांब दिलीत, आता दुखले-खुपले तर कोण धावून जाणार, हेच तिचे म्हणणे. २०१८ च्या जानेवारीत बहीण तिकडेच बाळंत झाली. आईला गुडघ्यांमुळे प्रवास होईना, म्हणून तिने डिंकाचे लाडू बांधले आणि मला व आमच्या घरच्यांना धाडले. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, दादरहून कोकण रेल्वेने सावंतवाडी, पुढे एस. टी. दोन रात्री गाडीत गेल्या. लाडवांचा डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही.

बारसे झाले. चार दिवसांनी जवाईबापू म्हणाले, "ताई, एवढ्या लांब आलात, तर तेरेखोल दाखवतो. तुम्हाला इतिहासाची आवड आहे." (आवड कसली, शाळेत शिवाजी महाराजांचा धडा पाठ होता एवढेच.) शेजाऱ्यांची गाडी घेतली. बाळंतिणीने आमच्यासाठी भाकरी-भाजी बांधायला लावली आणि छोट्या डब्यात तिच्याच लाडवांतले थोडे घातले.

शिरोडा हे गाव लहान, पण त्याचे नाव मोठे. १९३० साली मिठाचा सत्याग्रह इथल्या मिठागरांवर झाला, आणि वि. स. खांडेकर इथल्या शाळेत बरीच वर्षे शिक्षक होते. पुढे रेडी. तिथला गणपती आपल्याकडेही फोटोत असतो. रेडीच्या पुढे थोडे गेले की रस्ता चढतो आणि एकाएकी समोर नदीचे मुख आणि समुद्र दिसतो. तीच तेरेखोल नदी. उत्तरेला महाराष्ट्र, दक्षिणेला गोवा. आणि इथेच गंमत आहे. तेरेखोल गाव आणि त्याचा किल्ला नदीच्या आपल्या काठावर आहे, तिन्ही बाजूंनी महाराष्ट्र आणि समुद्र, तरी ते मोडते गोव्यात. गोव्याच्या माणसाला आपल्याच राज्यातल्या या गावी थेट यायचे तर फेरीबोटीने नदी ओलांडावी लागते.

असे का झाले, ते जवाईबापूंनी सांगितले. किल्ला मूळचा सावंतवाडीच्या सावंतांचा. ज्याच्या हाती नदीचे मुख, त्याच्या हाती आत जाणारी गलबते. म्हणून १७४६ साली पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला आणि मग कधी सोडला नाही. पलीकडचा पेडणे महालही १७८८ साली त्यांच्याकडे गेला. पण माणसे तीच राहिली. बोली मिळतीजुळती, देवही जवळचे, आणि सोयरिकी तर दोन्ही काठांवर पसरलेल्या.

किल्ला आटोपशीर आहे, आत ख्रिस्ती देऊळ आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे हॉटेल चालू होते, म्हणून बाहेरूनच बरेचसे पाहिले. याच किल्ल्यात १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आल्फान्सो आणि त्यांचे साथीदार शिरले व तिरंगा लावला. हे सगळे गोव्याचेच लोक होते. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांना भारत नको आहे, असे पोर्तुगीज सरकार जगाला सांगत असे. त्याला हे उत्तर होते. एक दिवस झेंडा फडकला, मग त्यांना पकडले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये इथे पुन्हा सत्याग्रही आले, तेव्हा मात्र गोळ्या झाडल्या गेल्या आणि पनवेलचे हिरवे गुरुजी इथे पडले.

किल्ल्यावरून उतरून धक्क्यावर आलो तर ओहोटी लागलेली. मुखाशी वाळू साचते, पाणी चढेपर्यंत बोट निघत नाही. दीड-दोन तास बसावे लागणार होते. आमच्या घरच्यांची चुळबूळ सुरू झाली. मी मात्र सावलीत एका म्हाताऱ्या बाईंच्या शेजारी बसले. नऊवारी नेसलेल्या, हातात फुलांची परडी. "तुमी खंयसून इलात?" त्यांनी विचारले. गोंदिया काही त्यांना उमगले नाही, नागपूर म्हटल्यावर उमगले. बहिणीच्या बाळंतपणाला आले म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून नीट पाहिले, आणि मग स्वतःची हकीगत सांगितली. ती माझ्या भाषेत लिहिते.

त्यांचे माहेर या काठावरच्या एका वाडीत. मोठ्या बहिणीला १९५३ साली पलीकडे पेडण्याच्या बाजूला दिली होती. घरापासून घर दिवसाभराच्या चालीचेही नाही. तरीतून उतरले की पुढे पायवाट. पहिला सण माहेरी झाला, दुसराही झाला. मग १९५५ साल उजाडले. भारत सरकारने गोव्याशी रेल्वे आणि व्यवहार बंद केले, येण्याजाण्यावर निर्बंध आले, परवान्यावाचून पलीकडे पाऊल टाकता येईना. पलीकडे तर पोर्तुगीजांचे शिपाई. वडील दुसऱ्याची शेती करणारे, अक्षरशत्रू. परवाना कुठे मागायचा, काय लिहायचे, हेच ठाऊक नाही. अशात बहीण गरोदर राहिल्याचे कळले. पहिलटकरीण, रीतीप्रमाणे माहेरी यायची. आली नाही. दिवस भरल्याचा अंदाज धरून आईने लाडू केले, फडक्यात बांधले आणि ओळखीच्या होडीवाल्याला गळ घातली. दोन दिवसांनी तो गाठोडे घेऊन परत आला. पलीकडे पहारा होता, उतरताच आले नाही. आईने ते गाठोडे सोडले नाही. उंच शिंक्यावर ठेवून दिले, आणि कुणी मूल मागायला आले तर ओरडे. शेवटी त्याला मुंग्या लागल्या.

"मगे?" मी त्यांच्याच बोलीत विचारायला गेले. त्या हसल्या. मग काय, आई १९६० च्या पावसात गेली. गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ ला. जानेवारीत बहीण सहा वर्षांचा मुलगा घेऊन आली. आजी कुठे, म्हणून तो घरभर शोधत होता.

मला पुढे विचारवेना. माझ्या पिशवीत डबा होता. निम्मे लाडू मी त्यांच्या परडीत ठेवले. त्यांनी एक तोंडात घातला आणि म्हणाल्या की डिंक चांगला आहे, पण आमच्याकडे नारळ घालतात.

बोट लागली. रुंद, लोखंडी, पुढचे फळकूट खाली टेकते आणि मोटारी सरळ आत जातात. पायी माणसाला तिकीटही नाही. पाच-दहा मिनिटांत केरीच्या धक्क्याला लागलो. एवढेसे पाणी! आपली वैनगंगा पावसाळ्यात याहून रुंद होते. म्हाताऱ्या बाई माझ्या आधी उतरल्या आणि मागे न बघता चालू लागल्या. त्यांना कुठल्याशा देवळात जायचे होते.

केरीहून पेडणे, आणि तिथून मोठ्या रस्त्याने पत्रादेवी. जुन्या काळी गोव्यात रस्त्याने जायचे म्हणजे नदीगणिक गाडी सोडून होडीत बसायचे, असे जवाईबापू सांगत होते. पणजीसमोर मांडवीवर पूल झाला तो गोवा मुक्त झाल्यावर. तोही १९८६ च्या जुलैत कोसळला आणि लोक पुन्हा फेरीबोटीवर आले. असो.

पत्रादेवीला गोवा आणि महाराष्ट्राची सरहद्द आहे, तिथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या ठिकाणी सरहद्द ओलांडून गोव्यात शिरले. बांद्याकडून आलेले या पत्रादेवीला. भर पावसाचे दिवस, चिखल, आणि समोर बंदुका. त्या एका दिवशी गोव्याच्या सरहद्दीवर वीसहून अधिक माणसे मेली. पंजाबातला करनैलसिंग बेनिपाल हा तरुण शिक्षक इथेच पडला.

आणि इथेच एका बाईला गोळ्या लागल्या. सहोद्राबाई राय. हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. हातात तिरंगा घेऊन त्या पुढे चालत होत्या. गोळ्या हाताला लागल्या, पण त्या वाचल्या. त्या कुठल्या, म्हणून मी विचारले, तर जवाईबापू म्हणाले, "सागरच्या." मी तिथेच थांबले. भगिनींनो, १९५५ साली सागर आणि आपला भंडारा जिल्हा एकाच राज्यात होते! राज्ये आखली गेली ती पुढच्या वर्षी. म्हणजे ही बाई परमुलखातली नव्हे, आपल्याच राज्यातली. लहान वयात वैधव्य आलेली, कोकण रेल्वे नव्हती त्या काळात सागरहून इथवर आलेली. १९५७ साली सागरच्या लोकांनी त्यांना लोकसभेत पाठवले. सागरच्या सरकारी तंत्रनिकेतनाला त्यांचे नाव आहे. आपण दर १५ ऑगस्टला मंडळात झाशीच्या राणीचा आणि कस्तुरबांचा फोटो मांडतो, ते योग्यच आहे. पण आपल्या राज्यातली बाई आपल्याला साठ वर्षे ठाऊक नसावी, याचे मला वाईट वाटले. राज्य बदलले की माणसेही वाटून टाकतो की काय आपण?

परत आल्यावर वाचनालयात शोधले, तेव्हा सुधाताई जोशींविषयी कळले. भारतीय संस्कृतिकोश करणारे महादेवशास्त्री जोशी, त्यांच्या या पत्नी. १९५५ च्या एप्रिलात म्हापशाला गोवा काँग्रेसचे अधिवेशन भरायचे होते, आणि अध्यक्ष म्हणून सुधाताई पुण्याहून गोव्यात गेल्या. तिथेच त्यांना पकडले, आणि त्यांनी काही वर्षे पोर्तुगीजांच्या तुरुंगात काढली. त्यांनाही मुलेबाळे होती, घरी स्वयंपाक होता. घर कोण बघेल, हा प्रश्न त्यांनी कसा सोडवला असेल, हे मला राहून राहून जाणून घ्यावेसे वाटते. आपल्याला तर आठ दिवस कोकणात जायचे म्हटले तरी दहा जणांची जेवणे आधी ठरवावी लागतात.

निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालल्या, तरी सरकारने नंतर सत्याग्रह थांबवला आणि गोवा आणखी सहा वर्षे तसाच राहिला. पंडितजींना युद्ध नको होते, असे पुस्तकांत आहे. ते खरेच असेल, थोरांचे हिशेब थोर. पण त्या सहा वर्षांत एका शिंक्यावर लाडवांचे गाठोडे होते, हे काही कुठल्या पुस्तकात सापडले नाही, म्हणून इथे लिहिले.

परतताना नदी लागली नाही. पत्रादेवीहून सरळ बांदा, तिथून सावंतवाडीवरून शिरोड्याला आलो. बांद्याजवळ नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. गोव्यात दारू स्वस्त, म्हणून ते तपासतात. आमच्या घरच्यांनी कधी सुपारीही खाल्ली नाही, पण ते उगाच घाबरले. पोलिसाने पिशवीत हात घालून डबा काढला आणि विचारले, "यात काय?"

"डिंकाचे लाडू," मी म्हटले.

त्याने झाकण उघडून पाहिले. दोन उरले होते. झाकण लावले, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "जावा."

रात्री बहिणीने डबा उघडला आणि माझे लाडू कुणी संपवले म्हणून रुसून बसली. मग बाळाला मांडीवर घेऊन मी तिला धक्क्यावरची सगळी हकीगत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "ताई, आईला फोन लाव."