बाबांचा जॉब आणि शिंद्यांच्या तोफा

परवा शनिवारी गारखेड्याच्या घरी माळा आवरताना बाबांची पत्र्याची पेटी सापडली. आत त्यांचा आयटीआयमधला जॉब (नोकरी नव्हे हो, फिटरचा जॉब!): एकमेकांत अडकलेले दोन लोखंडी तुकडे. डोव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखी खाच. तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद.

बाबा लगेच खुलले. आधी हॅक्सॉने मधला माल काढायचा. मग तिकोनी कानशीची एक बाजू ग्राइंडरवर गुळगुळीत करून घ्यायची, म्हणजे कोपरा घासताना तळ खरवडला जात नाही. मग निळा रंग लावून बसवून बघायचं, डाग उमटेल तेवढंच घासायचं. पुन्हा बसवायचं, पुन्हा घासायचं... बंदुकीच्या नळीवरची माशी अशाच खाचेत आडवी ठोकून बसवतात. ना स्क्रू, ना डाख.

बाबांनी जोड ट्यूबलाइटसमोर धरला. "उजेड दिसतो का?" नाही दिसला.

मला एकदम शिंद्यांच्या तोफा आठवल्या. इंग्रजांची शस्त्रं भारी म्हणून मराठे हरले, असं मीही ऑफिसात ठोकून द्यायचो. पण ११ सप्टेंबर १८०३ ला जनरल लेकने दिल्लीजवळ शिंद्यांच्या ६८ तोफा पकडल्या आणि कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी त्या तपासल्या. पितळी तोफा मथुरेला, उज्जैनला ओतलेल्या. घडण युरोपियन धाटणीची, सफाई कंपनीच्या मालाच्या तोडीची. काहींत आतली नळी लोखंडी होती: ठोकलेल्या चार लांब पट्ट्या जुळवलेल्या, वरून पितळ ओतलेलं. दोन धातूंत फट नाही, फक्त रंगावरून फरक कळायचा. इथे डोव्हटेल नाही, मान्य. पण परीक्षा बाबांचीच!

बाराच दिवसांनी आपल्या भोकरदनजवळ असईची लढाई झाली. वेलस्लीने ९८ तोफा घेतल्या खऱ्या, पण त्याची दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यातली कितीतरी याच तोफांपुढे. म्हणजे तोफा कमी पडल्या नव्हत्या. शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना इंग्रजांनी आधीच फोडायला घेतलं होतं आणि बरेच निघूनही गेले होते. कवायती फौज उभी करायची आणि तिचे अधिकारी शत्रूच्या देशातले ठेवायचे, हे मला जास्त महागात पडलेलं दिसतं.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते पट्ट्यांपाशीच अडकले होते.

"चार पट्ट्या? मग नळीत सांधे दिसत असणार."

दिसत होते. तपासणाऱ्यांनी तेही लिहून ठेवलंय.