युवा शिबिर : कार्यक्रमांच्या गर्दीत ख्रिस्त केंद्रस्थानी राहावा

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आपल्या अनेक धर्मग्रामांत युवा शिबिराची तयारी सुरू होते. स्थळ, भोजन, वाहने, वक्ते, खेळांचे साहित्य अशा असंख्य बाबींची जुळवाजुळव करताना आयोजकांची दमछाक होते. या धावपळीत शिबिर मुळात कशासाठी भरवायचे, हा प्रश्न मात्र पुष्कळदा मागे पडतो. शिबिर सुरळीत पार पडले म्हणजे युवकांची ख्रिस्ताशी भेट घडलीच, असे म्हणता येत नाही. म्हणून नियोजनाचा आरंभ स्थळापासून नव्हे, तर उद्देशापासून व्हावयास हवा.

उद्देश एका वाक्यात

सेवाकार्यावरून परतलेल्या प्रेषितांना प्रभू येशूने आपल्याबरोबर एकांत स्थळी येऊन विसावा घेण्यास सांगितले, असे संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आपण वाचतो. शिबिराचे मूळ बीज या प्रसंगात आहे. रोजच्या रहाटगाडग्यातून बाजूला होणे आणि प्रभूच्या सहवासात राहणे, एवढाच त्याचा अर्थ.

आयोजकांनी पहिल्याच बैठकीत हा उतारा वाचून प्रार्थना करावी आणि शिबिराचा उद्देश एका वाक्यात लिहून काढावा. ‘युवकांचा सर्वांगीण विकास’ अशा मोघम शब्दांनी काही साधत नाही. ‘प्रत्येक शिबिरार्थीने बायबलमधील उताऱ्यावर स्वतः प्रार्थना करावयास शिकावे’ हा उद्देश स्पष्ट आहे. पुढे वेळापत्रकातील प्रत्येक बाब या वाक्यावर पारखून घ्यावी. जी त्यास पूरक नाही, ती कितीही आकर्षक असली तरी वगळण्याचे धैर्य आयोजकांनी दाखवावे.

विषयाची निवड

युवकांविषयी २०१८ साली रोम येथे बिशपांची सिनड भरली. तिच्यानंतर पोप फ्रान्सिस यांनी २५ मार्च २०१९ रोजी लोरेटो येथे ‘क्रिस्तुस विव्हित’ म्हणजे ‘ख्रिस्त जिवंत आहे’ या प्रबोधनपत्रावर स्वाक्षरी केली. त्याच्या चौथ्या प्रकरणात युवकांना तीन सत्ये सांगितली आहेत : परमेश्वर तुमच्यावर प्रेम करतो, ख्रिस्त तुमचे तारण करतो आणि तो जिवंत आहे. तीन दिवसांच्या शिबिरासाठी ही तीन सत्ये तीन दिवसांचे विषय होऊ शकतात. व्यसनमुक्ती, करिअर, समाजमाध्यमे, विवाहाची तयारी हे विषयही अवश्य असावेत. मात्र त्यांची मांडणी या पायावर व्हावी.

खेळ आणि प्रार्थना

उद्देश जपणे म्हणजे हसण्या-खेळण्यास बंदी घालणे नव्हे. इटलीतील तुरीन शहरात संत जॉन बॉस्को यांनी १८४१ साली गरीब मुलांसाठी कार्य आरंभिले. त्यांच्या अंगणात खेळ, संगीत, धर्मशिक्षण आणि प्रार्थना एकत्र नांदत असत. विवेक, धर्म आणि स्नेह या तिहींवर त्यांची शिक्षणपद्धती उभी होती. मुलांना आपल्यावरील प्रेम जाणवले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ज्या गटनेत्याने सकाळी आपल्याबरोबर चेंडू खेळला, त्याच्याशी युवक सायंकाळी मन मोकळे करतो.

दिनक्रम आखताना

पवित्र मिस्सा हा दिवसाचा गाभा असावा; ती दोन कार्यक्रमांच्या फटीत बसवू नये. वाचने, गायन आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनांची तयारी युवकांनीच करावी.

प्रायश्चित्त संस्कारासाठी साधे गणित मांडावे. साठ शिबिरार्थी असतील आणि प्रत्येकास दहा मिनिटे लागतील असे धरले, तर एका धर्मगुरूंना दहा तास बसावे लागेल. चार धर्मगुरू आले तर अडीच तासांत हा संस्कार शांतपणे पार पडेल. म्हणून शेजारच्या धर्मग्रामांतील धर्मगुरूंना आधीच विनंती करावी.

मौनासाठी रोज किमान अर्धा तास राखून ठेवावा. वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान या चार पायऱ्यांनी बायबलवर प्रार्थना करण्याची जुनी पद्धत युवकांना सहज आत्मसात होते. रात्रीचा शेकोटीचा कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत लांबला, तर सकाळची प्रार्थना पेंगण्यात जाते, हेही विसरू नये. मोबाइल बाजूला ठेवण्याचा नियम युवकांशी आधी बोलून ठरवावा व पालकांना संपर्कासाठी एक क्रमांक द्यावा.

कोणीही मागे राहू नये

शुल्क परवडत नाही म्हणून कोणी घरी राहणार असेल, तर शिबिराचा उद्देश पहिल्याच पायरीवर हरतो. अशांच्या खर्चाची सोय गाजावाजा न करता व्हावी. नेहमीच्या उत्साही मंडळींखेरीज चर्चपासून दुरावलेल्या युवकांना घरी जाऊन निमंत्रण द्यावे.

सुरक्षितता हाही श्रद्धेचाच भाग आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती, मुला-मुलींच्या निवासाची स्वतंत्र व्यवस्था आणि जबाबदार स्त्री-पुरुष स्वयंसेवक असलेच पाहिजेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अशा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. संस्थेचे नाव जपण्यासाठी कोणतीही तक्रार दडपता येत नाही. स्वयंसेवकांना हे आधीच समजावून सांगावे.

शिबिरानंतर

खरी कसोटी शिबिर संपल्यावर लागते. प्रभूचा जिवंत अनुभव आलेल्या युवकांना त्यानंतर केवळ सिद्धान्त व नीतिनियमांवरील व्याख्याने दिली, तर त्यांचा उत्साह मावळतो, असा इशारा ‘क्रिस्तुस विव्हित’मध्ये दिला आहे. पंधरा दिवसांच्या आत गटांनी पुन्हा भेटावे. कोणी मिस्सेत वाचन करावे, कोणी गायनवृंदात यावे, कोणी आजारी व एकाकी वृद्धांच्या भेटीला जावे.

मूल्यमापनातही जेवण कसे होते, एवढेच विचारू नये. ‘मी आता प्रार्थना करतो का? कोणाशी समेट केला का? कोणाच्या मदतीस धावलो का?’ हे प्रश्न तीन महिन्यांनी विचारावेत.

एम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना पुनरुत्थित प्रभू भेटला आणि ते त्याच रात्री यरुशलेमला, आपल्या बांधवांकडे परतले. शिबिरातून परतणारा युवकही असाच आपल्या कुटुंबाकडे व धर्मग्रामाकडे नव्या अंतःकरणाने परतावा. त्यासाठी आयोजकांच्या धावपळीला पवित्र आत्म्याचे मार्गदर्शन लाभो, हीच प्रार्थना.