जुना पत्रा, नवं इंजिन

पिनरच्या मॉस लेनवर एका घराला निळी पाटी लावलेली आहे. विल्यम हीथ रॉबिन्सन हा चित्रकार १९१३ ते १९१८ या काळात तिथे राहत होता. कप्प्या, दोऱ्या, शिड्या आणि चहाच्या किटल्या एकमेकींना बांधून केलेली अचाट यंत्रं हा त्याच्या चित्रांचा विषय. १९३९ मध्ये के. आर. जी. ब्राउन यांच्या जोडीने त्याने मोटारवाल्यांसाठीही एक गमतीचं पुस्तक काढलं. त्याचं नावच पुढे इंग्रजीत अशा जोडजमवीसाठी रूढ झालं. म्हणजे आपण ज्याला 'जुगाड' म्हणतो, त्याला इंग्रजांनी एका पिनरकराचं नाव दिलं आहे! २०१६ पासून पिनर मेमोरियल पार्कात त्याच्या चित्रांचं संग्रहालयही आहे. मुलांना घेऊन जरूर जावं.

हे आठवण्याचं कारण म्हणजे दिवाळीच्या फराळाला आमच्या मित्रमंडळीत झालेला वाद. आमच्यातल्या एका डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये १९७४ सालची व्हॉक्सहॉल व्हिक्टर आहे. नाशिकला त्यांच्या वडिलांकडे काँटेसा होती आणि व्हिक्टर ही काँटेसाची थोरली बहीण, म्हणून त्यांनी ती घेतली. आता तिचं जुनं इंजिन काढून आजच्या काळातलं इंजिन, पाच गिअर, नव्या सीट आणि एअर कंडिशनर बसवावा असं त्यांच्या मनात आहे. फराळाच्या ताटांवर लगेच दोन तट पडले. "मग ती व्हिक्टर राहिली कुठे?" असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने सुनावलं, "नुसती झाकून ठेवलेली गाडी म्हणजे शोभेचं कपाट!"

दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकताना मला वाटलं की आपण इतिहास विसरून भांडतो आहोत. इंजिनाची अदलाबदल हे आजच्या हौशी लोकांचं खूळ नाही. ज्या गाड्यांना आपण 'अस्सल' म्हणतो, त्यांतल्या कितीतरी अशा अदलाबदलीतूनच जन्मल्या आहेत, आणि त्यांत आपल्या लहानपणच्या गाड्याही येतात.

अमेरिकन ताकद, इंग्रजी अंग

अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात, त्यांचा आरंभ साधारणपणे १९६४ च्या पाँटियाक जी. टी. ओ. पासून मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची इंजिन मध्यम आकाराच्या टेंपेस्टमध्ये बसवलं आणि ते 'ऐच्छिक जोडणी' म्हणून विकायला काढलं. नियम कागदावर तसाच राहिला! थोडक्यात, मसल कार हीच मुळात एका अंगात दुसऱ्याचं हृदय बसवून झालेली आहे. आज साठ वर्षं जुन्या गाडीत नवं इंजिन घालणारे लोक त्या परंपरेतच बसतात.

इंग्लंडही यात मागे नव्हतं. टेम्स डिटनच्या ए. सी. कंपनीच्या नाजूक गाडीत कॅरल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने १९६२ मध्ये फोर्डचं व्ही-८ इंजिन घातलं आणि 'कोब्रा' जन्मली. १९६४ मध्ये सनबीमने हाच प्रयोग केला, तिचं नाव 'टायगर'. सर्वांत बोधप्रद कथा मात्र एम. जी. बी. ची आहे. ब्यूइक कंपनीने १९६१ च्या गाड्यांसाठी संपूर्ण ॲल्युमिनियमचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन केलं होतं. दोन-तीन वर्षांत अमेरिकेला ते नकोसं झालं. १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले आणि पुढे कित्येक वर्षं ते चालवलं. केन कॉस्टेलो नावाच्या गृहस्थांनी १९७० च्या सुमारास ते आपल्या कारखान्यात एम. जी. बी. मध्ये बसवून दाखवलं. ते पाहून ब्रिटिश लेलँडने १९७३ मध्ये स्वतःच तशी गाडी काढली. १९७६ पर्यंत २,५९१ गाड्या झाल्या.

हे जमलं कशामुळे? आठ सिलिंडरचं ॲल्युमिनियमचं इंजिन वजनाला जुन्या चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनाएवढंच होतं. पुढच्या चाकांवरचा भार फारसा बदलला नाही, म्हणून गाडीचा तोल टिकला. आणि काढून टाकलेलं ते बिडाचं इंजिन कोणतं? बी. एम. सी. चं 'बी-सिरीज'. त्याच घराण्यातलं १,४८९ सी. सी. चं इंजिन आपल्या अँबॅसडरमध्ये होतं! इंग्रज जे इंजिन काढून मोठं बसवत होते, त्याच्याच धाकट्या भावावर आपलं अर्धं सरकार चालत होतं.

उत्तरपारा, कुर्ला आणि मद्रास

आपल्याकडे ही अदलाबदल हौसेने नव्हे, गरजेने आली. परवान्यांच्या राज्यात नवी गाडी मुळापासून घडवायला ना परकीय चलन होतं, ना परवानगी. डिसेंबर १९८३ मध्ये सुझुकीच्या मदतीने मारुती ८०० रस्त्यावर आली आणि जुन्या तिन्ही कंपन्यांची झोप उडाली. तिघींनी तीन वाटा धरल्या.

हिंदुस्तान मोटर्सने परदेशी जुना साचा आणला. व्हॉक्सहॉलने ल्यूटनमध्ये १९७२ पासून केलेल्या व्हिक्टरचं अंग उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात आलं आणि १९८४ मध्ये 'काँटेसा' म्हणून बाहेर पडलं. आपल्या पिनरपासून ल्यूटन तासाभराच्या आत आहे. तिथला कारखाना २०२५ च्या मार्चमध्ये बंद झाला. काँटेसा दिसायला भारदस्त, लांब नाकाची. इंजिन मात्र अँबॅसडरचंच, जेमतेम ५० हॉर्सपॉवरचं. पैलवानाच्या अंगात पोरसवदा जीव! काही वर्षांनी तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं, ८८ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि पाच गिअर आले, आणि गाडीला तिच्या रूपाला शोभेल असा दम मिळाला. भारतातले शौकीन तिला आज 'आपली मसल कार' म्हणतात ते या दुसऱ्या जन्मामुळे. उत्पादन २००२ मध्ये थांबलं. १९९२ मध्ये हेच इंजिन अँबॅसडरमध्येही गेलं. तेव्हा सलग बाकाऐवजी वेगवेगळ्या सीट मिळू लागल्या आणि मधोमध असलेलं मीटर चालकासमोर आलं. आतल्या बदलाचं हे आपल्याकडचं जुनं उदाहरण.

कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली, मराठी माणसाला सर्वांत जवळची कंपनी. तिने १९८५ मध्ये '११८ एन. ई.' आणली. अंग फियाट १२४ चं, म्हणजे मूळ १९६६ चं. त्याचे साचे स्पेनच्या सेआट कंपनीकडून घेतलेले. इंजिन आणि गिअरबॉक्स निसानचे, १,१७१ सी. सी. नावातला 'एन. ई.' म्हणजे 'निसान इंजिन'. आपण काय बदललं आहे हे नावातच सांगणारी दुसरी गाडी मला माहीत नाही. पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअर ओढून दमलेल्या हातांना तिचा खाली बसवलेला हलका गिअर स्वर्गासमान वाटे. याच फियाट १२४ वरून रशियाने लाडा काढली. ती ब्रिटनमध्ये १९७४ ते १९९७ विकली गेली आणि तिच्यावर विनोदांचा पाऊस पडला. त्याच अंगाची ११८ एन. ई. मुंबई-पुण्यात डॉक्टर-वकिलांच्या दारात ऐटीत उभी असायची.

तिसरी कथा उलट दिशेची. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने रोव्हर एस. डी. १ चे साचे आणले. १९७७ ची 'युरोपियन कार ऑफ द इयर' ठरलेली ही देखणी गाडी. इंग्लंडमध्ये तिच्यात तेच ब्यूइकवरून आलेलं १५५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ इंजिन होतं. मद्रासला तिच्यात बसलं १,९९१ सी. सी. चं इंजिन, ज्याचं मूळ चाळिशीच्या दशकातल्या स्टँडर्ड व्हॅनगार्डमध्ये होतं. व्हॅनगार्डचं इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्येही चालायचं. 'स्टँडर्ड २०००' हे तिचं नाव. १९८५ मध्ये आली, महाग होती, पेट्रोल भरपूर प्यायची आणि पळायची नाही. १९८८ पर्यंत सगळं आटोपलं. जुन्या अंगात नवं इंजिन दोन ठिकाणी तगलं. नव्या अंगात जुनं इंजिन बुडालं.

सांध्यांचं शास्त्र

यश-अपयश नुसतं इंजिनाच्या वयावर ठरत नाही. इंजिन ही चार नटांवर बसणारी सुटी वस्तू नव्हे. ते ज्या पायांवर टेकतं ते पाय बदलावे लागतात. गिअरबॉक्सशी त्याचं तोंड जुळावं लागतं. गिअरबॉक्सची लांबी बदलली की मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून नव्याने तोलावा लागतो. ताकद वाढली की उष्णता वाढते, म्हणजे रेडिएटर आला. वेग वाढला की ब्रेक आले. पन्नास हॉर्सपॉवर थांबवण्यासाठी केलेले ब्रेक दीडशेला पुरत नाहीत. आजचं इंजिन तर संगणकावर चालतं, म्हणजे सगळं वायरिंगही नवं. निसानने इंजिनाबरोबर गिअरबॉक्स दिला आणि इसुझूबरोबर पाच गिअर आले, तिथे शहाणपण होतं ते हेच: सांधा एकत्र बदलला.

आतल्या बदलाचंही तसंच आहे. नवी सीट दिसायला सोपी, पण अपघातात तिचा सगळा भार जुन्या तळाच्या पत्र्यावर येतो. तीन टोकांचा पट्टा बसवायचा तर खांबाला मजबुती हवी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हा धडा रोज जगून दाखवला. सीएनजीची टाकी आली आणि डिकी गेली, म्हणून सामान टपावरच्या कॅरिअरवर चढलं. एक वस्तू आत आली की दुसरी बाहेर जाते. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी वीस वर्षांच्या मुदतीमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

नाव कशाला चिकटतं?

आता फराळाच्या वेळचा मूळ प्रश्न. इंजिन बदलल्यावर गाडी तीच राहते का? ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याने त्याचं उत्तर अनेक वर्षं चक्क गुणांमध्ये दिलं होतं. मोठे फेरफार केलेल्या गाडीला जुना नंबर राखायला किमान आठ गुण लागत. मूळ चौकट किंवा सांगाडा असेल तर पाच गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला? फक्त एक! ज्याच्या अदलाबदलीवरून आपण हमरीतुमरीवर येतो, त्याला कायद्याने सर्वांत कमी किंमत दिली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये हे नियम आणखी सैल झाले. आता गाडी विजेवर नेली तरी खात्याला कळवून जुनी ओळख राखता येते.

भारताची भूमिका बरोबर उलटी आहे. कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मोठे फेरफार न झालेली हवी. कारखान्यांनी स्वतः मनसोक्त अदलाबदल केलेल्या देशात हौशी माणसाला मात्र ती बंद, हा आपल्याकडचा विनोद.

माझं मत विचाराल तर अदलाबदल जरूर करावी, पण परतीची वाट ठेवून. मूळ पत्रा कापू नये. त्यातले सांधे खोलता येतील असे ठेवावेत. ब्रेक आधी, इंजिन नंतर. काढलेलं इंजिन भंगारात न देता तेल लावून, नंबरासकट जपून ठेवावं. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे एम. ओ. टी. ची सूट मिळते, पण 'मोठे फेरफार' झाले असतील तर ती जाऊ शकते. पाना उचलण्यापूर्वी ते तपासावं. ऑगस्ट २०२३ पासून युलेझ आपल्या हॅरोपर्यंत आलं आहे. त्यातली सूटही 'ऐतिहासिक' म्हणून नोंदलेल्या गाडीलाच आहे.

आणि शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना एकच विचारतो: ११८ एन. ई. ची अंगकाठी इटलीची, साचे स्पेनचे, इंजिन जपानचं आणि घडवणारे हात कुर्ल्याचे. ती कुणाची गाडी? आपल्यापैकी कुणीही तिला कधी परकी म्हटलं नाही.

मला खरी चिंता वेगळीच आहे. व्हिक्टर, एम. जी. बी., रोव्हर यांच्यासाठी या देशात मंडळं आहेत, कारखान्यांच्या नोंदी आहेत, सुट्या भागांच्या याद्या आहेत. आपल्या गाड्यांचं काय? नाशिक-पुण्याची जुनी घरं एकेक करून रिकामी होत आहेत आणि कपाटातली माहितीपुस्तकं, बुकिंगच्या पावत्या, गाडीला हार घालून काढलेले फोटो रद्दीत जात आहेत. इंजिन बदलता येतं, गेलेला कागद परत येत नाही. म्हणून पुढच्या भारतभेटीत घर आवरायला बसाल, तेव्हा एवढं करा: गाडीचे कागद वेगळे काढा, फोटोच्या मागे साल आणि गाडीचा नंबर लिहा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या की तिच्यात केव्हा, काय आणि का बदललं होतं.