नवजात ताऱ्यांभोवतीची धूळ आणि ग्रहांचा जन्म

तारा जन्माला येताना त्याच्याभोवती वायू आणि धूलिकणांची फिरती तबकडी तयार होते. तिला आदिग्रहीय तबकडी म्हणतात. तिच्या वस्तुमानात धुळीचा वाटा सुमारे एक टक्काच मानला जातो. तथापि पृथ्वीसारखे खडकाळ ग्रह याच धुळीतून घडतात.

या धुळीचे निरीक्षण प्रामुख्याने दोन प्रकारे होते. तबकडीच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म कण ताऱ्याचा प्रकाश विखुरतात. ते दृश्य आणि अवरक्त प्रकाशात दिसतात. मध्यपातळीत साचलेले, वाळूच्या कणांएवढे थंड कण मात्र मिलिमीटर तरंगलांबीचे प्रारण उत्सर्जित करतात. हे प्रारण हवेतील बाष्प शोषून घेते. म्हणूनच चिलीतील अटाकामा वाळवंटात, सुमारे ५,००० मीटर उंचीवर ‘अल्मा’ ही ६६ अँटेनांची दुर्बीण उभारण्यात आली. अनेक किलोमीटर अंतरांवरील अँटेनांचे संकेत एकत्र करून ती अतिशय बारीक तपशील टिपते.

२०१४ मध्ये ‘अल्मा’ने सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘एचएल टॉरी’ ताऱ्याची प्रतिमा टिपली. तिच्यात एकाभोवती एक अशी तेजस्वी वलये आणि त्यांमधील काळसर पट्टे स्पष्ट दिसले. या ताऱ्याचे वय जेमतेम दहा लाख वर्षे असल्याने, इतक्या लवकर अशी रचना आढळणे शास्त्रज्ञांना अनपेक्षित होते.

या वलयांचे महत्त्व एका जुन्या कोड्यात आहे. वायूला स्वतःच्या दाबाचा आधार असल्याने तो धुळीपेक्षा किंचित मंद गतीने फिरतो. त्यामुळे कणांना समोरून वारा लागतो, त्यांचा वेग घटतो आणि ते ताऱ्याकडे सरकू लागतात. पृथ्वी-सूर्य अंतरावरील एक मीटर आकाराचा गोळा गणितानुसार सुमारे शंभर वर्षांतच ताऱ्यात जाऊन पडेल. मग ग्रह घडतात कसे? वायूचा दाब जेथे स्थानिकरीत्या वाढतो तेथे ही घसरण थांबते आणि धूळ अडकते, असे सिद्धांत सांगतो. वलये ही अशीच आश्रयस्थाने असावीत, असे मानले जाते.

काळसर पट्टे ग्रहांनीच कोरले असतील, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही; अन्य कारणांनीही ते निर्माण होऊ शकतात. याबाबत ‘पीडीएस ७०’ हा तारा महत्त्वाचा ठरला. सुमारे ३७० प्रकाशवर्षांवरील या ताऱ्याच्या तबकडीतील पोकळीत २०१८ मध्ये एका ग्रहाची प्रतिमा मिळाली, तर २०१९ मध्ये दुसरा ग्रह आढळला. २०२१ मध्ये या दुसऱ्या ग्रहाभोवतीही धुळीची छोटी तबकडी असल्याचे ‘अल्मा’च्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले.

धुळीचे मोजमाप अजूनही कठीणच आहे. दाट भागांतील खालचे थर झाकले जातात आणि खड्यांहून मोठे पिंड फारच क्षीण प्रारण देतात. परिणामी, धूलिकण आणि ग्रह यांमधला टप्पा आजही थेट दिसत नाही. त्याचा वेध वलयांच्या आधारेच घ्यावा लागतो.